पांढरी दोनला न जुळणारी तबकडी

गेल्या अंकात मी सहज विचारलं होतं : जॅझची तुमची आवडती जुनी रेकॉर्ड कोणती, आणि ती लावली की काय आठवतं? दोन-चार पत्रं येतील असं वाटलं होतं. संपादकांनी माझ्यासमोर कापडी पिशवीच आणून ठेवली. एका गृहस्थांनी फक्त रागावण्यासाठी पत्र पाठवलंय : 'मराठी मासिकात हे कशाला?' त्यांना उत्तर एवढंच, की मी मिरजेची आहे. तंबोऱ्याचे भोपळे वाळत टाकलेल्या गल्लीतून शाळेत जाणाऱ्या मुलीच्या घरात हे संगीत शिरलं, ते कुणाची परवानगी न विचारता. कसं शिरलं ते पुढे येईलच.

प्रश्न : सासऱ्यांच्या माघारी माळ्यावरच्या खोक्यात नऊ रेकॉर्ड सापडल्या. यादी सोबत जोडली आहे. ते त्या ऐकताना आम्ही कधीच पाहिलं नाही. मला इंग्रजी गाणी कळत नाहीत. भंगारवाला सगळ्यांचे तीनशे देतो म्हणतो. ठेवू का? ठेवल्या तर सुरुवात कुठून करू? (सोलापूर)

भंगारवाल्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

तुमच्या यादीत चौथ्या क्रमांकावर 'एला अँड लुई' आहे. १९५६ ची. तिथून सुरुवात करा, आणि समोर बसून ऐकू नका. भाजी निवडताना लावा. एला फिट्झगेराल्डचा आवाज घडी मोडलेल्या इरकलीसारखा आणि लुई आर्मस्ट्राँगचा पाट्यावर खोबरं-लसूण वाटल्यासारखा. दोघं आळीपाळीनं एकच गाणं म्हणतात. शब्द कळले नाहीत तरी कोण कुणाची थट्टा करतंय ते कळतं. मागे ऑस्कर पीटरसनचा पियानो आहे. तो एवढा मोठा वाजवणारा, पण इथे यजमानासारखा वाढपाचं बघतो, स्वतः पंगतीत बसत नाही.

ही रेकॉर्ड आमच्याकडे आली १९६९ मध्ये. अण्णा मिरज जंक्शनला पार्सल ऑफिसात होते. मिशन हॉस्पिटलातले एक परदेशी डॉक्टर कायमचे मायदेशी निघाले होते आणि त्यांच्या ट्रंका अण्णांनी बुक करून दिल्या. एक खोका वजनात बसेना. डॉक्टरीणबाईंनी तो उघडला, आतल्या अकरा रेकॉर्ड काढून अण्णांच्या टेबलावर ठेवल्या आणि खोका हलका केला. अण्णांनी सायकलच्या कॅरियरला बांधून त्या घरी आणल्या. आमच्याकडे प्लेअर नव्हता! दादाला नोकरी लागून त्यानं एचएमव्हीचा फिएस्टा घेईपर्यंत दोन वर्षं गेली. ती दोन वर्षं आम्ही नुसती कव्हरं पाहिली.

'एला अँड लुई'चं कव्हर बघा : दोघं साध्या घडीच्या खुर्च्यांवर बसलेत, लुईचे मोजे घोट्यापर्यंत घसरलेत. आमची आई म्हणायची, 'एवढा नावाजलेला माणूस, फोटोआधी कुणी सांगितलं कसं नाही?' दोन वर्षांनी पहिल्यांदा सुई टेकली तेव्हा लुईचा आवाज ऐकून ती स्वयंपाकघरातून म्हणाली, 'हा मोजेवाला ना?' आवाजावरून मोजे ओळखणारी आमची आई एकटीच.

तुमच्या सासऱ्यांनी त्या केव्हा ऐकल्या असतील, ते आता कळायचं नाही. पण कव्हरांच्या कडा बघा. न ऐकलेल्या रेकॉर्डच्या कडा इतक्या मऊ होत नाहीत.

प्रश्न : मी तबला शिकवतो. १९८३ मध्ये मुंबईच्या हॉस्टेलवर माझा रूममेट रोज सकाळी 'टेक फाइव्ह' लावून दाढी करायचा. अजून ती धून ऐकली की साबणाचा वास येतो. पण त्यावर झपताल धरला की मी अडखळतो. पाच मात्रा आहेत म्हणजे अर्धा झपतालच ना? (कोल्हापूर)

मोजणी बरोबर, पण खंड उलटे. झपताल दोन-तीन-दोन-तीन. 'टेक फाइव्ह' तीन-दोन. तुम्ही 'धी ना'वर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, धरता आणि पियानोवाला तिथे अजून 'एक-दोन-तीन'च्या मध्यात असतो. उपाय सोपा आहे : झपतालाची तिसरी मात्रा सम समजा. धी धी ना, ती ना, धी धी ना, धी ना. दोन आवर्तनं घोळवलीत की बसेल. तुमचे विद्यार्थी हसले तर त्यांनाच वाजवायला सांगा.

आणि पुढे ड्रमचा एकट्याचा भाग येतो ना, तिथे नीट कान द्या. पियानो तोच एक तुकडा धरून बसतो, अगदी तबल्याच्या साथीला पेटीवर फिरत राहणाऱ्या लेहऱ्यासारखा, आणि जो मोरेलो त्यावर सावकाश मांडणी करतो. घाई नाही, तिहाईचा सोस नाही. मोठमोठ्या गॅप ठेवतो. नव्या तबलजींना ते ऐकवाच.

ही धून पियानोवाल्या डेव्ह ब्रूबेकची असं सगळे म्हणतात, पण ती बांधली त्याच्या सॅक्सोफोनवाल्यानं, पॉल डेझमंडनं. १९७७ मध्ये तो गेला. या धुनेची पुढची कमाई त्यानं मृत्युपत्रात अमेरिकेच्या रेडक्रॉसला दिली होती. ब्रूबेकची स्वतःची करामत 'टेक फाइव्ह' ज्या रेकॉर्डवर आहे त्या 'टाइम आउट'च्या पहिल्याच तुकड्यात आहे, 'ब्लू रॉन्डो अ ला टर्क'. नऊ मात्रा, दोन-दोन-दोन-तीन. ही चाल त्याला इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वाजंत्र्यांकडून मिळाली. १९५८ च्या त्याच दौऱ्यात तो आपल्याकडेही आला होता, मुंबईतही वाजवून गेला. 'टाइम आउट' झाली त्यानंतरच्या वर्षी.

प्रश्न : ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या रेकॉर्डमध्ये रागसंगीत आहे असं माझे काका सांगायचे. ते पेटी घेऊन बरोबर वाजवायचे. मी वाजवून पाहिलं, जमलं नाही. काका थापा मारायचे का? (नाशिक)

या पत्रानं मला दोन दिवस झोपू दिलं नाही. कारण पेटी घेऊन 'काइंड ऑफ ब्लू'पुढे बसण्यावरून आमच्या घरात जे झालं, ते मी आजवर या सदरात लिहिलेलं नाही.

आधी काकांचं. पहिला तुकडा, 'सो व्हॉट'. पेटीवर पांढरी दोन, म्हणजे सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी, सा धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. काय झालं? काफी थाट. कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. सगळी वादक मंडळी याच स्वरांत फिरतात. चार-चार मात्रांची सोळा आवर्तनं झाली की मात्र अख्खं बिऱ्हाड अर्धा स्वर वर सरकतं : सा आता काळी दोन. आठ आवर्तनं तिथे, मग पुन्हा आठ खाली, आणि हे बत्तीस आवर्तनांचं चक्र चालू राहतं. म्हणजे काका काफीत निवांत रमले असतील आणि सतराव्या आवर्तनाला रेकॉर्ड त्यांच्या हातून निसटली असेल. तंबोरा असता तर कुणी धावत येऊन खुंट्या पिळल्या असत्या का?

राग मात्र नव्हे. वादी म्हणजे मुख्य स्वर नाही, राग ओळखू येणारी पकड नाही, अमुक स्वरावर थांबायचंच असा नेम नाही. थाटाचे स्वर घेतले म्हणून राग होत नाही, हे आपल्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. पण एका स्वरसमूहात इतका वेळ बसून राहायचं, पुढच्या कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडीच्या, मागे धावायचं नाही, हा धीर आपल्या ओळखीचा आहे. तोवरच्या जॅझमध्ये दर दोन-चार मात्रांनी कॉर्ड बदलायची आणि वादक फलाट बदलणाऱ्या उतारूंसारखे पळायचे. इथे सगळे बाकावर टेकलेत.

आता आमच्या घरचं.

अण्णा नोकरीखेरीज भजनी मंडळाला पेटीची साथ करायचे. दादाला शिस्तीत काही येत नव्हतं, पण कान तिखट. फिएस्टा आल्यावर महिनाभरात त्यानं काकांसारखाच उद्योग केला : 'सो व्हॉट' लावून पांढरी दोन दाबली. जुळेना. रेकॉर्ड किंचित चढी. अर्ध्या स्वराइतकी नाही, पण कानाला खुपेल इतकी. फिएस्टा वेगात फिरतो म्हणावं, तर रेकॉर्ड उलटून दुसरी बाजू लावली. तिथला 'ऑल ब्लूज' पांढरी पाचला चपखल बसला.

अण्णा म्हणाले, 'तबकडी चढी आहे.'

दादा म्हणाला, 'अर्धीच तबकडी कशी चढेल? मशिन तेच, रेकॉर्ड तीच. तुमच्या पेटीची पांढरी दोन उतरलीय.'

यावर आठवडाभर घरात बोलाचाली बंद. शेवटी अण्णा ड्यूटीवर असताना दादानं पेटी उचलली आणि सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिराकडे नेली. त्या बिचाऱ्यानं ऐकून सांगितलं, की सूर ठीक आहे, हात लावू नका. दादानं हट्ट धरला. कारागिरानं पांढरी दोनच्या रीडची पितळी जीभ टोकाशी घासली, सूर चढवून दिला आणि दोन रुपये घेतले. घरी येऊन दादानं 'सो व्हॉट' लावलं, पांढरी दोन दाबली : जुळली! बाकीच्या पट्ट्या लावून बघायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल.

अण्णांना संध्याकाळच्या भजनात कळलं. ते दादाला काही बोलले नाहीत. फक्त त्यानंतर, १९८८ मध्ये जाईपर्यंत, ते पांढरी दोन टाळून वाजवत. बुवांची पट्टी काळी एक असल्यामुळे एरवीही ती पट्टी फारशी लागत नसे, असं दादा अजून म्हणतो. मी त्यावर काही बोलत नाही.

मग १९९० च्या दशकाच्या शेवटी माझा भाचा मुंबईहून नवी सीडी घेऊन आला. आतल्या चिटोऱ्यावर छापलं होतं ते त्यानं वाचून दाखवलं. ही रेकॉर्ड न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीटवर, पूर्वी चर्च असलेल्या स्टुडिओत दोन दिवसांत झाली : २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. पहिल्या दिवशी ध्वनिमुद्रणाचं मुख्य यंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेलं नेहमीच्या वेगानं वाजवलं की सूर चढतो. त्या दिवशीचे तीन तुकडे म्हणजे रेकॉर्डची पूर्ण पहिली बाजू. दुसऱ्या दिवशी यंत्र ठीक होतं. तीसेक वर्षं जगभर ही बाजू चढीच विकली गेली आणि या नव्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली होती.

म्हणजे अर्धी तबकडी चढू शकते.

दादा उठला, माळ्यावरून अण्णांची पेटी काढली, भाता पुसला. सीडीवर 'सो व्हॉट' लावलं. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या जुळल्या, पांढरी दोन सोडून. ती आपली १९७१ मध्ये जिथे चढवली होती तिथेच.

भाचा म्हणाला, 'मामा, पुण्यात नीट करून आणू?' दादानं पेटी मिटली आणि नको म्हणाला.

तर नाशिकच्या काकांबद्दल : त्यांची रेकॉर्ड जुनी असेल तर त्यांची पेटी आणि माइल्स कधीच जुळले नसणार. तरी ते बसून वाजवत होते, याचा अर्थ एकतर त्यांचा कान कच्चा होता किंवा मन मोठं होतं. थापा म्हणू नका.

प्रश्न : याच रेकॉर्डमध्ये दोन सॅक्सोफोन आहेत म्हणे. मला एकच ऐकू येतो. (नागपूर, अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

हेडफोन लावा. डाव्या कानात जॉन कोल्ट्रेन, उजव्या कानात कॅननबॉल अ‍ॅडर्ली. कोल्ट्रेनचा टेनर, खर्जाकडचा, प्रश्न विचारल्यासारखा. अ‍ॅडर्लीचा आल्टो, वरच्या अंगाचा, पोटभर जेवून आलेल्या माणसासारखा खूश. 'सो व्हॉट'मध्ये आधी माइल्स, मग कोल्ट्रेन, मग अ‍ॅडर्ली, मग बिल एव्हान्सचा पियानो, या क्रमानं ऐका. तिसऱ्या खेपेला हेडफोनशिवायही ओळखाल.

दादा आता ऐंशी ओलांडून गेलाय आणि डावा कान गेलाय. नातवानं हेडफोन दिले तर दुसऱ्या दिवशी मला पुण्याला फोन : 'अगं, कोल्ट्रेन गेला की!' मी घाबरून म्हटलं, 'दादा, तो १९६७ मध्येच गेला.' मग उलगडा झाला. नातवानं फोनच्या सेटिंगमध्ये मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सगळं सारखंच, करून दिलं, तेव्हा कोल्ट्रेन उजव्या कानात राहायला आला. घरात कुणाचा एक कान गेला असेल तर एवढं करून द्या.

प्रश्न : लग्नानंतर आम्ही दादरला एका खोलीत राहायचो. सासूबाई झोपल्यावर हे अगदी हळू आवाजात बिल एव्हान्सची 'वॉल्ट्झ फॉर डेबी' लावायचे. त्यात पेल्यांची किणकिण आणि माणसं बोलल्याचे आवाज येतात. मला वाटायचं वरच्या बिऱ्हाडात भांडी घासतात. हे म्हणायचे, आपली प्रत खराब आहे. आता हे नाहीत. प्रत खरंच खराब आहे का? (पुणे)

नाही हो. तुमची प्रत उत्तम आहे. ते आवाज त्या दिवशीचेच आहेत.

२५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कचं व्हिलेज व्हॅनगार्ड, तळघरातला छोटा क्लब. दुपार आणि रात्र मिळून पाच बैठका झाल्या. लोक जेवत होते, गप्पा मारत होते, कुणीतरी भलत्याच जागी हसलं. पियानोवर एव्हान्स, ड्रमवर पॉल मोशन आणि बासवर स्कॉट लफारो, वय पंचवीस. त्याचा बास मागून ठेका धरत नाही. सवालजवाबाला पुढे येतो. पियानोचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचं उत्तर तयार. ६ जुलैला मोटार अपघातात तो गेला. हे तिघं पुन्हा एकत्र वाजवू शकले नाहीत. एव्हान्सनं त्यानंतर काही महिने पियानोला हातच लावला नाही म्हणतात.

डेबी म्हणजे एव्हान्सची छोटी भाची.

मी ही रेकॉर्ड लावते ती किणकिण ऐकायलाही लावते. आपल्या जुन्या खासगी मैफिलींच्या टेप आठवा : मध्येच कुणी खोकतं, कपबशी वाजते, 'क्या बात है' उशिरा येतं. स्टुडिओतल्या स्वच्छ रेकॉर्डपेक्षा मला त्या टेप जवळच्या. तुमच्या रेकॉर्डमध्ये तर आता व्हॅनगार्डचे पेले आहेत, वरच्या बिऱ्हाडाची भांडी आहेत आणि सासूबाई जागी होऊ नयेत म्हणून कमी केलेला आवाज आहे. विकू नका, बदलू नका.

प्रश्न : आमच्या पवईत एक मोठा अमेरिकन सॅक्सोफोनवाला आश्रमात येऊन राहिला होता, हे खरं का? (मुंबई)

खरं. सनी रॉलिन्स, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, योग शिकायला. हा माणूस मधेच वाजवणं सोडून निघून जाणारा. त्याआधी एकदा दोन वर्षं कार्यक्रम बंद करून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर रियाज करत बसला होता, घरी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. १९७८ मध्ये मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा तो पुन्हा आला. दादा रजा काढून गेला होता. माझ्या बँकेत ऑडिट होतं. 'सॅक्सोफोन कोलोसस' (१९५६) ऐका, पहिला तुकडा 'सेंट थॉमस' : कॅरिबियन चाल, पाय स्वस्थ बसत नाहीत. ऑडिटचा राग माझा अजून गेलेला नाही.

प्रश्न : पावसाळ्यात रेकॉर्डवर बुरशी आली. टाकून देऊ? (रत्नागिरी)

टाकू नका. साध्या एलपी असतील तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ सुती कापड, आणि खाचांच्या दिशेनं गोल पुसायचं. आडवं घासायचं नाही. मधलं लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा पुसा आणि सावलीत उभ्या वाळवा. ७८ च्या जुन्या जड रेकॉर्ड असतील तर स्पिरिट अजिबात लावू नका. त्या लाखेच्या असतात, विरघळतात. कव्हरं अंगणात नेऊन कोरड्या ब्रशनं झाडा, तोंडाला फडकं बांधून. कव्हराला थोडं ऊन चालेल, रेकॉर्डला मुळीच नाही.

आणि एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. डॉक्टरीणबाईंच्या अकरांपैकी दोन आमच्याकडे अशाच गेल्या. आईनं त्या ट्रंकेवर आडव्या ठेवून वर लोणच्याची बरणी ठेवली होती. एक परातीसारखी वाकली. दुसरी वाजते, पण तिच्या कव्हरावर तेलाचा गोल डाग आहे, नेमका पियानोवाल्याच्या तोंडावर.